भेदभावाची तक्रार फेटाळली, आता पुढे काय? राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी अपिलापासून मॅटपर्यंतची वाट

कार्यालयातून एका ओळीचं पत्र येतं. ‘आपली विनंती मान्य करता येत नाही’, किंवा त्याहूनही कोरडं, ‘प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे’. पदोन्नतीत डावललं, गोपनीय अहवालात शेरा मारला, दिव्यांग असून मागितलेली सोय नाकारली, प्रसूती रजेवरून परतल्यावर आडबाजूचं टेबल दिलं, अशी काहीतरी तुमची तक्रार असते आणि तिचा शेवट या ओळीवर झालेला दिसतो. यानंतर काही जण गप्प बसतात. काही जण तेच निवेदन पुन्हा टाइप करून विभागप्रमुखांपासून मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे धाडत राहतात. नुकसान दोघांचंही सारखंच होतं: मुदत निघून जाते.

हा लेख महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. पदोन्नतीच्या वादात मी स्वतः या वाटेने गेलो, आणि पुढे सहकाऱ्यांचे कागद लावून देताना बाकीच्या खाचाखोचा कळल्या. मी वकील नाही. पण वकिलाकडे जाण्याआधी जे काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं, ते इथे क्रमाने मांडतो.

१. तुमचं दार कोणतं ते आधी पाहा

राज्य शासनाच्या नागरी सेवेतल्या कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे, जातात. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ खाली मॅट १९९१ मध्ये स्थापन झालं. मुख्य पीठ मुंबईत, बाकीची दोन नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. केंद्र सरकारचे कर्मचारी कॅटकडे, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, जातात.

जिल्हा परिषदेत असाल तर मॅट तुमच्यासाठी नाही. तिथले शिस्त व अपील नियम वेगळे आहेत आणि पुढची वाट उच्च न्यायालयाची आहे. महापालिकांच्या कर्मचाऱ्यांनाही मॅटचं दार उघडं नाही. खासगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांसाठी शाळा न्यायाधिकरण आहे. न्यायालयांचे आणि विधिमंडळ सचिवालयाचे कर्मचारीसुद्धा मॅटच्या बाहेर ठेवलेले आहेत. चुकीच्या दारात वर्षभर उभं राहून परत येणारे लोक मी पाहिले आहेत, आणि परत येईपर्यंत बरोबर दाराची मुदत संपलेली असते.

‘मॅट कशाला, सरळ हायकोर्टात जाऊ’ हा सल्ला चहाच्या टपरीवर हमखास मिळतो. तो ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे की न्यायाधिकरणाच्या कक्षेतल्या विषयांसाठी आधी न्यायाधिकरणाकडेच जावं लागतं. उच्च न्यायालय नंतर.

२. अन्याय सांगू नका, तुलना दाखवा

सगळ्या लेखातली हीच पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच लोक गाळतात.

बहुतेक निवेदनांत असतं काय? ‘माझ्यावर घोर अन्याय झाला असून मी मानसिक तणावाखाली आहे.’ खरं असेल, पण त्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही. भेदभाव म्हणजे सारख्या स्थितीतल्या दोघांना वेगळी वागणूक, आणि त्या वेगळेपणाला नियमात बसेल असं कारण नसणं. म्हणून तुम्हाला दुसरा माणूस दाखवावा लागतो: त्याच संवर्गातला, त्याच पदावरचा, शक्यतो त्याच काळातला.

एका कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात निकष लिहा: नेमणुकीची तारीख, ज्येष्ठता क्रमांक, विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याची तारीख, मागच्या वर्षांच्या गोपनीय अहवालांची प्रतवारी, प्रलंबित चौकशी आहे की नाही. दुसऱ्यात तुमची माहिती, तिसऱ्यात ज्याला लाभ मिळाला त्याची, चौथ्यात ती माहिती कोणत्या कागदावरून घेतली ते. हा तक्ता भरताना दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर तुमचं प्रकरण लखलखीत उभं राहतं, नाहीतर समोरच्याची विभागीय परीक्षा तुमच्याआधी झालेली होती हे लक्षात येतं. दुसरं झालं तरी वाईट वाटून घेऊ नका. मॅटमध्ये सरकारच्या उत्तरातून ते कळण्यापेक्षा घरी टेबलावर कळलेलं बरं.

त्यानंतर भेदभावाचा आधार ठरवा. संविधानाच्या अनुच्छेद १६(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास ही कारणं थेट लिहिलेली आहेत. तुमचा मुद्दा यांत बसत असेल तर तो नाव घेऊन मांडा. बसत नसेल, म्हणजे वरिष्ठांची मर्जी नाही एवढंच कारण असेल, तरी दार बंद होत नाही. अनुच्छेद १४ खाली मनमानी हाही स्वतंत्र मुद्दा आहे. मात्र पुरावा नसताना जातीचा किंवा धर्माचा आरोप अपिलात घुसडू नका. वजन वाढेल असं वाटतं, पण आरोप टिकला नाही की बाकीचे खरे मुद्देही संशयाने वाचले जातात.

इथे एक सापळा आहे. ‘अमक्याला नियम डावलून फायदा दिला, तसाच मलाही द्या’ ही मागणी न्यायालयात टिकत नाही. समानता कायदेशीर लाभापुरती असते. दुसऱ्याच्या बेकायदा लाभावर तुमचा हक्क उभा राहत नाही. अशा वेळी मागणी बदलावी लागते: त्याला दिलेला लाभ रद्द करा आणि नियमाप्रमाणे पुन्हा विचार करा. मग तो माणूस तुमच्या विरोधात उभा राहणार, आणि कदाचित रोज शेजारच्याच टेबलावर बसणार. याची तयारी आहे का, हे स्वतःला आधीच विचारा.

३. अपील की अभिवेदन?

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये कोणत्या आदेशांवर अपील करता येतं ते दिलेलं आहे. शिक्षा, निलंबन, वेतन-भत्ते किंवा निवृत्तिवेतन यांत तुमच्या तोट्याचा बदल, असे आदेश त्यात येतात. अशा अपिलाची मुदत आदेशाची प्रत हातात पडल्यापासून ४५ दिवस. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन तो माफ करण्याची विनंती त्याच अपिलात करायची असते.

ज्येष्ठता यादी, पदोन्नतीत डावलणं, गोपनीय अहवालातले शेरे यांच्यासाठी मात्र अभिवेदन, म्हणजे फेरविचाराची लेखी विनंती, करायचं. त्याची मुदत ज्या परिपत्रकाने यादी किंवा शेरे कळवले, त्यातच लिहिलेली असते. १ जानेवारीची प्रारूप ज्येष्ठता यादी फिरते तेव्हा आपण फक्त सही करून ती पुढच्या टेबलावर सरकवतो. हरकती मागवलेल्या असतात ते कोणी वाचत नाही. दोन वर्षांनी त्याच यादीवरून पदोन्नती होते आणि मग आपण जागे होतो. तोवर यादी अंतिम झालेली असते.

गोपनीय अहवालाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, फक्त प्रतिकूल नव्हे, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे; २०१३ मध्ये मोठ्या पीठाने ते कायम केलं. ‘चांगला’ हा शेरासुद्धा पदोन्नतीचा निकष ‘अतिशय चांगला’ असेल तर घातक ठरतो. न कळवलेल्या शेऱ्याच्या आधारावर तुम्हाला डावललं असेल तर तो तुमचा पहिला मुद्दा.

४. कागद जमवा

अपील लिहायला बसण्याआधी हे हाताशी हवं:

– ज्या आदेशाविरुद्ध किंवा पत्राविरुद्ध तक्रार आहे त्याची प्रत, आणि ती तुम्हाला कोणत्या तारखेला मिळाली त्याचा पुरावा
– मूळ तक्रार किंवा निवेदन, आवक क्रमांकासह
– सेवापुस्तकाच्या संबंधित पानांच्या प्रती
– अंतिम आणि प्रारूप अशा दोन्ही ज्येष्ठता याद्या
– संवर्गाचे सेवाप्रवेश नियम
– संबंधित शासन निर्णय (शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवताना सांकेतांक टिपून ठेवा)
– स्वतःचे गोपनीय अहवाल
– विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीचं इतिवृत्त
– आरक्षणाचा मुद्दा असेल तर बिंदुनामावलीची (कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी ते दाखवणाऱ्या नोंदवहीची) प्रत
– दिव्यांगत्व, जात, वैद्यकीय कारण यांची प्रमाणपत्रं, प्रकरणानुसार

यातले निम्मे कागद कार्यालय सहजासहजी देणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘माझ्या पदोन्नतीबाबतची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. नेमका कागद मागा: ‘अमुक तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त आणि त्या नस्तीतील टिपणी भागाच्या छायाप्रती’. टिपणी भाग, म्हणजे नस्तीतल्या (फाइलमधल्या) आतल्या नोंदी, मागायला विसरू नका. बाहेर आलेल्या पत्रात एक ओळ असते, पण आत कोणी काय लिहिलं, कोणी आक्षेप घेतला आणि तो कोणी खोडला, हे सगळं टिपणीत असतं. माझ्या प्रकरणाला वळण मिळालं ते टिपणीतल्या एका वाक्यामुळेच; कार्यासनाने (प्रकरण हाताळणाऱ्या शाखेने) माझ्या बाजूने लिहिलं होतं आणि वर गेल्यावर ते कारण न देता बदललं होतं.

दुसऱ्या कर्मचाऱ्याचे गोपनीय अहवाल माहिती अधिकारात बहुधा मिळत नाहीत, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. त्यात वेळ घालवू नका. पुढे मॅटमध्ये मूळ अभिलेख मागवण्याची विनंती करता येते.

आणि आणखी एक कलम फारसं कोणी वापरत नाही. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला कळवणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. एका ओळीच्या नकाराला उत्तर म्हणून याचा आधार घेऊन कारणं लेखी मागा. कारणं आली तर ती खोडता येतात. नाही आली तर ‘आदेश सकारण नाही’ हा मुद्दा तुमच्या खिशात.

५. अपील लिहा

अपील तुमच्या एकट्याच्या नावाने, तुमच्याच सहीने. चौघांवर सारखाच अन्याय झाला असला तरी चौघांनी वेगवेगळी अपिलं करायची. संयुक्त अपील नियमात बसत नाही. ते अपील प्राधिकाऱ्याला उद्देशून असतं आणि ज्याने आदेश काढला त्याला प्रत द्यायची. मजकूर स्वयंपूर्ण हवा. ‘मागील निवेदनात सविस्तर नमूद केल्याप्रमाणे’ हे वाक्य लिहायचंच नाही, कारण वाचणाऱ्यासमोर मागचं निवेदन असेलच असं नाही.

क्रम असा ठेवा: मी कोण, कोणत्या आदेशाविरुद्ध, घटनाक्रम तारखांसह, तुलनेचा तक्ता, कोणता नियम मोडला, आणि शेवटी नेमकी मागणी. मागणी लिहिताना ‘न्याय मिळावा’ एवढ्यावर थांबू नका. ‘अमुक तारखेचा मानीव दिनांक मंजूर करून त्यानुसार वेतननिश्चिती करावी आणि फरक अदा करावा’ असं लिहा. नुसता मानीव दिनांक (ज्या तारखेपासून पदोन्नती मिळाली असं मानायचं ती तारीख) मागितला आणि फरकाचा उल्लेख राहिला, तर काल्पनिक वेतननिश्चिती होते आणि हातात काही पडत नाही.

भाषा थंड ठेवा. वरिष्ठांबद्दल अनादराचा किंवा असभ्य मजकूर असेल तर नियमाप्रमाणे अपील रोखून धरता येतं, म्हणजे तुमच्या रागाने त्यांचंच काम सोपं होतं. ‘साहेबांनी आकसाने’ याऐवजी ‘दिनांक अमुकच्या टिपणीत नोंदवलेले कारण दिनांक तमुकच्या शासन निर्णयाशी विसंगत आहे’ असं लिहा. वाचायला बेचव लागतं, पण उत्तर द्यायला अवघड जातं.

६. सादर करा आणि पोच घ्या

योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयप्रमुखामार्फत, सादर करा आणि आगाऊ प्रत थेट अपील प्राधिकाऱ्याला पाठवा. आवक शाखेत तुमच्या स्थळप्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेबांना दाखवून मग देतो’ असं म्हणाले तर वाद घालत बसू नका. बाहेर पडा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. कार्यालयीन ई-मेलवरही एक प्रत टाका.

आमदारांचं शिफारसपत्र जोडण्याचा मोह होतो. जोडू नका. वर्तणूक नियमांत सेवाविषयक बाबींसाठी बाहेरचा दबाव आणणं ही गैरवर्तणूक आहे. कार्यालयात ही पत्रं सर्रास फिरतात हे मलाही माहीत आहे, पण फिरतात तोवर ठीक. ज्याच्याविरुद्ध तुम्ही तक्रार केली आहे त्याच्या हातात ती पडली की तुमच्याच विरोधातल्या नस्तीत पहिला कागद म्हणून लागतात. व्हॉट्सअॅप स्टेटसवर साहेबांचा उद्धार करण्याचंही तसंच.

७. मुदतीचं गणित

१९८५ च्या अधिनियमातली तीन कलमं पाठ करा: २०, २१ आणि २४. चोविसाव्याकडे पुढे येतो.

कलम २० म्हणतं की सेवा नियमांतले उपाय वापरून झाल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा अर्ज घेणार नाही. पण वरिष्ठ उत्तरच देत नसतील तर? अपील केल्यापासून सहा महिने उलटून अंतिम आदेश झाला नाही, तर उपाय वापरून झाले असं मानलं जातं. राज्यपालांना विनंतीअर्ज करणं या उपायांत धरलेलं नाही. तो केलाच पाहिजे असं नाही.

कलम २१ मुदत सांगतं. अंतिम आदेश मिळाला असेल तर त्या तारखेपासून एक वर्ष. उत्तर आलंच नसेल तर सहा महिने संपल्यापासून पुढे एक वर्ष. म्हणजे १ जानेवारी २०२५ ला अपील केलं आणि सामसूम राहिली, तर जून २०२५ च्या अखेरीस सहा महिने होतात आणि मॅटसाठी जून २०२६ च्या अखेरीपर्यंत वेळ असतो. प्रत्यक्षात शेवटचा महिना गाठू नका.

आता स्मरणपत्रांबद्दल. लोकांची ठाम समजूत असते की प्रत्येक स्मरणपत्राने मुदत नव्याने सुरू होते. होत नाही. एस. एस. राठोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की नियमात तरतूद नसलेली वारंवारची निवेदनं मुदत वाढवत नाहीत. पाच वर्षांनी एखाद्या जुन्या निवेदनाला उत्तर आलं तरी मेलेला वाद जिवंत होत नाही. स्मरणपत्रं पाठवा, हरकत नाही. फक्त दिनदर्शिकेत मूळ तारीखच मोजा.

वेतननिश्चितीसारखं दर महिन्याला नुकसान करणारं प्रकरण असेल तर त्याला सततची चूक मानून थोडी सवलत मिळते, पण थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. ज्येष्ठता आणि पदोन्नतीत ही सवलत नाही, कारण तिथे दुसऱ्यांचं बस्तान बसलेलं असतं.

मुदत गेलीच असेल तर विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्यात आजारपण, बदली, कागद उशिरा मिळणं यांचे पुरावे जोडा. ‘कायद्याचं ज्ञान नव्हतं’ हे कारण सहसा चालत नाही.

८. समांतर वाटा

तुमचं प्रकरण खालीलपैकी असेल तर आणखी एक दार आहे, आणि त्याच्या मुदती वेगळ्या आहेत.

दिव्यांग कर्मचारी: दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० प्रमाणे शासकीय आस्थापनेला नोकरीत भेदभाव करता येत नाही, वाजवी सोयी द्याव्या लागतात आणि केवळ दिव्यांगत्वामुळे पदोन्नती नाकारता येत नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता किंवा पद खाली आणता येत नाही. कलम २३ खाली प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची आहे. कार्यालयात विचाराल तर ‘असा कोणी अधिकारी नाही’ असं सांगतील. ते लेखी घ्या! तिथे समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात आहेत.

लैंगिक छळ: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाप्रमाणे कार्यालयातल्या तक्रार समितीकडे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, समितीला आणखी तीन महिने वाढवून देता येतात. समितीच्या शिफारशी मान्य नसतील किंवा त्यांची अंमलबजावणी झाली नाही, तर कलम १८ खाली अपील ९० दिवसांत. ते कुठे करायचं हे सेवा नियमांवरून ठरतं, म्हणून इथे वकिलाचा सल्ला पहिल्याच आठवड्यात घ्या.

अनुसूचित जाती-जमाती: राष्ट्रीय आयोगांकडे आणि राज्य आयोगाकडे जाता येतं. आयोग कागदपत्रं मागवू शकतो, अधिकाऱ्यांना बोलावू शकतो, आणि त्याची नोटीस आली की झोपलेली नस्ती हलते. पण आयोग शिफारस करतो, आदेशाला स्थगिती देऊ शकत नाही. आयोगापुढे प्रकरण चालू आहे म्हणून मॅटची मुदत थांबत नाही. इथे फार लोक अडकतात.

९. मॅटमध्ये मूळ अर्ज

मॅटमधल्या दाव्याला मूळ अर्ज म्हणतात, बोलताना ‘ओए’. न्यायाधिकरणाचं शुल्क किरकोळ असतं. खर्च असतो तो वकिलाचा आणि प्रतींचा. १९८५ च्या अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे स्वतः उभं राहता येतं. गोपनीय शेऱ्यासारखं सरळ प्रकरण असेल तर स्वतः चालवणारे लोक आहेत. ज्येष्ठता आणि पदोन्नतीत मात्र सेवाविषयक काम करणारा वकील घ्या. दिवाणी किंवा फौजदारीतला ओळखीचा वकील घेऊन भागत नाही.

वकिलाकडे जाताना चौथ्या पायरीतले कागद तारखेच्या क्रमाने लावून, पानांना आकडे घालून, वर एक पानी घटनाक्रम ठेवून न्या.

अर्जात तीन ठिकाणी चुका होतात.

पहिली, प्रतिवादी. दुसऱ्या कोणाची पदोन्नती किंवा ज्येष्ठता धोक्यात येत असेल तर त्याला प्रतिवादी करावंच लागतं. संबंध बिघडतील म्हणून लोक त्याचं नाव टाळतात आणि आवश्यक पक्षकार नाही या कारणावरून अर्ज पडतो.

दुसरी, मागण्यांचा गुंता. एका अर्जात एकच वादकारण. पदोन्नती, बदली आणि तीन वर्षांपूर्वीची रोखलेली वेतनवाढ एकाच अर्जात कोंबू नका.

तिसरी, अंतरिम मागणी. कलम २४ प्रमाणे समोरच्याला प्रत देऊन आणि त्याचं म्हणणं ऐकूनच अंतरिम आदेश होतो. अपवादात्मक परिस्थितीत एकतर्फी झाला तर तो १४ दिवसांपुरता. ‘संपूर्ण पदोन्नती प्रक्रियेला स्थगिती द्या’ ही मागणी सहसा मिळत नाही. ‘केलेल्या पदोन्नत्या या अर्जाच्या निकालाच्या अधीन राहतील’ किंवा ‘एक पद रिक्त ठेवावं’ ही मिळण्याजोगी असते. मी दुसऱ्या प्रकारची मागणी करण्याच्या मताचा आहे.

१०. सुनावणी

नोटीस निघते. बऱ्याचदा ती हमदस्त असते, म्हणजे तुम्हीच संबंधित कार्यालयात नेऊन पोचवायची आणि पोचवल्याचं प्रतिज्ञापत्र दाखल करायचं. हे वेळेत केलं नाही तर पुढची तारीख फुकट जाते. सरकारच्या बाजूने सादरकर्ता अधिकारी उभे राहतात आणि उत्तर दाखल करायला मुदत मागतात. एकदा नव्हे. याची चीड येते, पण त्यात तुमच्याविरुद्ध कट नसतो; संबंधित कार्यालयाने परिच्छेदनिहाय अभिप्रायच पाठवलेले नसतात.

उत्तर आलं की ते पेन्सिल घेऊन वाचा. तुमच्या अर्जातल्या कोणत्या परिच्छेदाला त्यांनी नकार दिला नाही ते शोधा, आणि टिपणीशी विसंगत काय लिहिलं आहे ते पाहा. प्रत्युत्तरात तेवढंच मांडा. साक्षीदार उभे करणं, उलटतपासणी असं इथे सहसा काही होत नाही. न्यायाधिकरण कागद पाहून आणि दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकून निर्णय देतं. म्हणून तोंडी धमक्या, केबिनमधले टोमणे यांची नोंद ज्या त्या वेळी लेखी पत्राने केलेली नसेल, तर सुनावणीत त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

अर्ज चालू असताना अचानक बदलीचा आदेश आला तर घाबरू नका. २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाप्रमाणे एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असतो, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत व्हायच्या असतात, आणि मुदतपूर्व किंवा मध्येच बदली करायची तर कारणं लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ती मान्यता नसेल तर बदलीला वेगळ्या अर्जाने आव्हान द्या, आणि तेही कार्यमुक्त होण्याआधी. एकदा नवीन ठिकाणी रुजू झालात की स्थगिती मिळणं कठीण होतं.

११. निकालानंतर

बाजूने लागला तर प्रमाणित प्रत घ्या आणि स्वतः पत्र लिहून, आदेशातली मुदत नमूद करून, कार्यालयात द्या. आदेश आपोआप अंमलात येईल अशी वाट पाहू नका. अनेकदा आदेश ‘तीन महिन्यांत पुन्हा विचार करावा’ असा असतो. म्हणजे पदोन्नती मिळालेली नाही, पुन्हा विचार मिळाला आहे. आणि नवा निर्णय विरोधात गेला तर त्यावर नवा अर्ज करावा लागतो. मुदतीत काहीच झालं नाही तर १९८५ च्या अधिनियमाच्या कलम १७ खाली अवमान अर्ज करता येतो, तो एका वर्षाच्या आत.

विरोधात लागला तर निकाल दोनदा वाचा. अभिलेखावर सरळ दिसणारी चूक असेल तर ३० दिवसांत पुनर्विलोकन अर्ज. निकालाचं मतच पटत नसेल तर पुनर्विलोकन करू नका, ते फेटाळलं जाणार. उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे रिट याचिका करा. तिथे कायद्याने ठरवलेली मुदत नाही, पण उशिराचं कारण विचारतात. सरकारलाही ही वाट मोकळी असते. म्हणून जिंकला असाल आणि सरकार वर जाईल अशी शंका असेल, तर उच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवा, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणार नाही.